वाट दाखवायला कोण असतं?

आज मी तुमच्याशी बर्फाबद्दल बोलणार आहे. कोकणातल्या माणसाने बर्फाबद्दल बोलावं हे जरा विचित्रच. आमच्याकडे बर्फ म्हणजे मासळीच्या टोपलीतला, नाहीतर काडीवर गोळा करून वर रंगीत सरबत ओतलेला. पण माझ्या थोरल्या बहिणीच्या एका प्रश्नाने मला या विषयात ओढलं.

या बहिणीला आम्ही आपा म्हणतो. तिचा मुलगा इंजिनिअर आहे आणि नोकरीनिमित्त नॉर्वेत, ऑस्लोला राहतो. काही वर्षांपूर्वी मार्च महिन्यात त्याचा फोन आला. दोन मित्रांबरोबर पाच दिवस बर्फाच्या पठारावरून स्कीवर प्रवासाला निघालोय, म्हणाला. आपाने विचारलं, ‘बरोबर गाईड कोण आहे?’ तो म्हणाला, ‘कुणी नाही अम्मी. आपलं आपणच जायचं.’ आपाने फोन माझ्या हातात दिला. ‘तू विचार त्याला, तिथं वाट दाखवायला कोण असतं?’

मी विचारलं. तो हसून म्हणाला, ‘मामू, परत आलो की सांगतो.’ तो परत आला आणि त्याने सांगितलंही. पुढे मी याविषयी बरंच वाचलं. एका हिवाळ्यात त्याच्याकडे गेलो असताना त्या पठाराच्या काठापर्यंत जाऊनही आलो. स्कीवर मात्र मी कधी उभा राहिलेलो नाही, हे आधीच कबूल करतो. आज आपाच्या प्रश्नाचं उत्तर तुमच्यासमोर मांडायचं आहे.

स्की म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर गुलमर्ग किंवा औलीचे उतार येतात. पाळण्यात बसून वर जायचं आणि उतारावरून सुसाट खाली यायचं. मी ज्या प्रवासाबद्दल बोलतोय तो वेगळा. यात पाळणा नाही, तयार केलेला उतार नाही. पाठीवर पिशवी किंवा कमरेला बांधलेली छोटी घसरगाडी घेऊन माणूस दिवसाला १५-२० किलोमीटर चालतो आणि संध्याकाळी एखाद्या लाकडी झोपडीत पोचतो. दुसऱ्या दिवशी पुढची झोपडी. बरोबर वाटाड्या नसतो. नकाशा आपला, निर्णय आपला आणि चुकलं तर चूकही आपली.

यासाठी वापरतात ती स्की लांब आणि अरुंद असते. कडेला पोलादी पट्टी, म्हणजे कडक बर्फावर पकड मिळते. बूट फक्त पुढच्या टोकाशी अडकवलेला, टाच मोकळी. त्यामुळे चालताना पाऊल उचलता येतं. ‘स्की’ हा शब्द ज्या जुन्या नॉर्स शब्दावरून आला त्याचा अर्थ आहे चिरलेलं लाकूड. आपल्या चुलीपुढच्या ढलपीचाच हा भाऊबंद. त्या लाकडावर उभं राहून उत्तरेकडची माणसं हजारो वर्षं शिकारीला, बाजाराला, सोयरिकीला जात आली. मौज म्हणून जाणं हे त्यामानाने अलीकडचं.

नॉर्वेजियन भाषेत ‘फ्रिलुफ्ट्सलीव’ असा एक शब्द आहे. उघड्या हवेतलं जगणं, असं त्याचं भाषांतर करता येईल. नाटककार म्हणून आपल्याला माहीत असलेल्या हेन्रिक इब्सेनने १८५९ मध्ये लिहिलेल्या एका दीर्घ कवितेत हा शब्द वापरला. पुढे तो साऱ्या देशाचा झाला. एका कवीचा शब्द रोजच्या व्यवहारात गेला, याचा कवी म्हणून मला थोडा हेवाही वाटतो. १९५७ मध्ये तिथे याविषयीचा कायदाच झाला. लागवडीखाली नसलेल्या मोकळ्या रानात, मग ते कुणाच्याही मालकीचं असो, कोणालाही पायी किंवा स्कीवर फिरण्याचा हक्क त्या कायद्याने दिला.

माझा भाचा गेला त्या पठाराचं नाव हार्डांगरविद्दा. दक्षिण नॉर्वेतलं हे पठार युरोपातलं अशा प्रकारचं सर्वांत मोठं मानलं जातं. उंची साधारण ११०० ते १२०० मीटर, म्हणजे आपल्या महाबळेश्वरपेक्षा थोडी कमीच. पण महाबळेश्वर कुठे आणि हे कुठे! इतक्या उत्तरेला त्या उंचीवर झाड टिकत नाही. हिवाळ्यात तळी गोठतात, ओढे गोठतात आणि सगळं एकसारखं पांढरं होतं. त्यातला सुमारे ३४०० चौरस किलोमीटरचा भाग १९८१ पासून राष्ट्रीय उद्यान आहे.

पठाराच्या उत्तर काठावर फिन्से नावाचं छोटं स्टेशन आहे. ऑस्लो ते बर्गन या १९०९ साली सुरू झालेल्या रेल्वेमार्गावरचं ते सर्वांत उंच स्टेशन, १२२२ मीटरवर. तिथे मोटारीचा रस्ता जात नाही. मी भाच्याचा जाड कोट घालून त्या फलाटावर उतरलो तेव्हा वाऱ्याने पहिल्यांदा माझी टोपी आणि मग बोलती बंद केली. आमच्याच गाडीतून उतरलेली माणसं मात्र शांतपणे स्की बांधत होती. त्यांत सत्तरीच्या आजीबाई होत्या, दहा-बारा वर्षांची पोरं होती. पंधरा मिनिटांत ती सगळी त्या पांढरेपणात ठिपक्याएवढी झाली, मग दिसेनाशी झाली. मी स्टेशनात परत येऊन कॉफीचा पेला दोन्ही हातांत धरून बसलो.

हे पठार किती बेभरवशाचं आहे ते एका मोठ्या माणसाच्या गोष्टीवरून कळतं. रोआल्ड आमुंडसेनचं नाव शाळेत आपण सगळ्यांनी वाचलेलं असतं. १४ डिसेंबर १९११ रोजी दक्षिण ध्रुवावर पहिल्यांदा पोचला तो हाच. त्याच्या जवळपास सोळा वर्षं आधी, जानेवारी १८९६ मध्ये, तो तेवीस वर्षांचा असताना आपला भाऊ लेऑन याच्याबरोबर हार्डांगरविद्दा ओलांडायला निघाला. आपल्या आत्मचरित्रात त्याने ती हकीकत सांगितली आहे. वाटेत गुराख्यांची एक झोपडी लागणार होती. दोघे भाऊ तिथे पोचले तर दार-खिडक्या खिळे ठोकून बंद, धुराड्यावरही फळ्या. कसेबसे आत शिरले. बाहेर वादळ. आत थोडं पीठ सापडलं, त्याची पातळ पेज करून दिवस काढले. पुढे निघाले तर वाट चुकली. एका रात्री उघड्यावर झोपताना आमुंडसेनने बर्फात भोक करून त्यात स्वतःला सरकवून घेतलं. रात्री ओलं बर्फ पडलं आणि मग गारठून घट्ट झालं. सकाळी त्याला हात-पाय हलवता येईनात. भावाने शोध घेतला तेव्हा झोपायच्या पिशवीचे चार केस बर्फाबाहेर दिसले, म्हणून तो सापडला. भावाने त्याला खणून काढलं. शेवटी दोघे पठार न ओलांडताच, जिथून निघाले होते त्याच बाजूला उपाशीपोटी उतरले.

पुढे ध्रुव जिंकणारा माणूस घराजवळच्या पठारावर असा मरता मरता वाचला. आज त्याच पठारावरून आजीबाई आणि शाळकरी पोरं जातात. थंडी, वारा आणि माणसाचं शरीर यांत काही फार बदल झालेला नाही. कपडे सुधारले, हवामानाचा अंदाज सुधारला, हे खरंच. पण त्याहून मोठी गोष्ट अशी की आमुंडसेनला झोपडीचं दार खिळे ठोकून बंद केलेलं मिळालं. आज दाराची किल्ली जाणाऱ्याच्या खिशात असते. या किल्लीची गोष्ट ऐकण्यासारखी आहे.

नॉर्वेत १८६८ साली पर्यटकांची एक संघटना स्थापन झाली. डीएनटी या आद्याक्षरांनी ती ओळखली जाते. देशभरात तिच्या साडेपाचशेच्या आसपास झोपड्या आहेत. काहींत माणसं असतात, जेवण मिळतं. पण रानात आत आत गेलं की अशा झोपड्या लागतात जिथे कुणीही राखण करायला नसतं. संघटनेच्या सभासदाला अनामत रक्कम भरून एक किल्ली मिळते. कुलूपबंद झोपड्या देशभर जागोजागी असल्या, तरी बहुतेकींना ती एकच किल्ली चालते.

दार उघडून आत जायचं. आत बिछाने असतात, पांघरुणं असतात, लोखंडी शेगडी असते, भांडीकुंडी असतात. ज्या झोपड्यांत शिधा ठेवलेला असतो तिथे फळीवर डबाबंद मांस, कडक पातळ भाकऱ्या, लापशीचं साहित्य, कोको, कॉफी रचून ठेवलेली असते. लागेल ते घ्यायचं, काय घेतलं ते लिहायचं आणि रात्रीचं भाडं व शिध्याची किंमत नंतर चुकती करायची. पूर्वी त्यासाठी एक कागद भरून पेटीत टाकत, आता बरेच जण मोबाइलवरून भरतात. मोजणारं कुणी नसतं. माझ्या भाच्याने पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा तो म्हणे छताच्या कोपऱ्यात कॅमेरा शोधत होता.

सकाळी निघताना झाडलोट करायची, शेगडीतली राख बाहेर टाकायची, लाकडं फोडून आत आणायची. बारीक ढलप्या काढून शेगडीजवळ ठेवायच्या. का? तर नंतर येणारा माणूस कदाचित गारठलेल्या बोटांनी येईल. त्याला कुऱ्हाड धरता येणार नाही, फक्त काडी ओढता येईल. आपल्याकडे उन्हाळ्यात पाणपोई घालतात, मोहरममध्ये सबील लावतात. पाणी पिणारा कोण, कुठल्या गावचा, कुठल्या जातीचा, हे घालणारा विचारत नाही. त्या ढलप्यांबद्दल ऐकलं तेव्हा मला आमच्या मोहल्ल्यातली सबील आठवली. तिथे तहान थंडीची असते, एवढाच फरक.

झोपडीत एक वहीही असते. आपण कोण, कुठून आलो, उद्या कुठे जाणार, हे त्यात लिहायचं. भाबडेपणाने पाहिलं तर ती आठवणींची वही वाटेल. पण कुणी पोचलं नाही तर शोधपथक पहिल्यांदा या वह्या चाळतं. कुठल्या झोपडीत शेवटची नोंद आहे आणि पुढे जायचा बेत कुठला होता, यावरून शोधाची दिशा ठरते.

आणि वाट? हिवाळ्यात पायवाट बर्फाखाली गेलेली असते. उन्हाळ्यासाठी दगडांवर रंगवलेली लाल ‘टी’ अक्षरंही दडलेली असतात. मग हिवाळ्याच्या उत्तरार्धात, इस्टरच्या सुटीआधी, कार्यकर्ते मुख्य मार्गांवर बर्फात डहाळ्या रोवत जातात. बहुधा बर्च झाडाच्या, साध्या, हातभर-दोन हात उंचीच्या. एका डहाळीपासून पुढची दिसावी इतक्या अंतरावर. अशा हजारो डहाळ्या. वसंतात बर्फ वितळलं की वाटेचा मागमूस राहत नाही. पुढच्या वर्षी पुन्हा नव्याने रोवायच्या. सह्याद्रीत भटकणाऱ्यांना हे परकं वाटणार नाही. धुक्यात हरवलेल्या पठारावर कुणीतरी रचून ठेवलेले चार दगड दिसले की जिवात जीव येतो, तो अनुभव ज्यांनी घेतलाय त्यांना डहाळीचं मोल सांगायला नको.

आता अशा प्रवासातला दिवस कसा असतो ते सांगतो. भाचा म्हणतो, ‘मामू, तिथली पहिली शिकवण म्हणजे घाम येऊ द्यायचा नाही.’ मला आधी गंमत वाटली. उणे दहा तापमानात घामाची काय भीती? पण घामाने अंगालगतचा कपडा ओला होतो. थांबलं की तोच ओला कपडा शरीराची ऊब ओढून घेतो. म्हणून झोपडीतून बाहेर पडताना थोडी थंडी वाजलीच पाहिजे, असा तिथला नियम. चालू लागलं की अंग तापतं. थांबलं की लगेच जाड कोट चढवायचा, मग थर्मासचं झाकण उघडायचं. अंगालगत लोकरीचा कपडा, सुती अजिबात नाही. आपल्या उन्हाळ्यात सुखाचा वाटणारा सुती सदरा तिथे वैरी ठरतो, कारण तो ओल धरून ठेवतो.

वाऱ्याचं गणित वेगळंच. तापमान उणे १० अंश असेल आणि वारा ताशी ३६ किलोमीटरने वाहत असेल, तर उघड्या कातडीला ती थंडी उणे २० अंशांसारखी लागते. गालावर किंवा नाकाच्या शेंड्यावर पांढरा ठिपका उमटला तर ती हिमदंशाची सुरुवात असते. तो ठिपका ज्याचा त्याला दिसत नाही. म्हणून बरोबरच्यांनी एकमेकांच्या तोंडाकडे अधूनमधून बघत राहायचं.

पायाखालचं बर्फही रोज निराळं. आपल्याकडे पावसाची भुरभुर वेगळी, रिपरिप वेगळी, सर वेगळी, झड वेगळी. तसंच तिकडे. वरून कडक पापडी धरलेल्या बर्फाला ते ‘स्कारे’ म्हणतात. वाऱ्याने कोरून लाटांसारखे उंचवटे केलेल्या बर्फाला ‘स्काव्ल’. ओलसर, मुठीत दाबलं की गोळा होणाऱ्या बर्फाला ‘क्राम’. हे शब्द कौतुकाचे नाहीत, कामाचे आहेत. कारण स्कीच्या तळाला चोळायचं मेण बर्फाप्रमाणे निवडावं लागतं. मेण बरोबर असेल तर पाऊल दाबल्यावर स्की बर्फाला धरते आणि पुढे सरकवल्यावर सोडते. चुकलं तर एकतर माणूस मागे घसरतो, नाहीतर तळाला बर्फाचे गोळे चिकटून पायांत जोखड पडतं. चढ फार असेल तर तळाला केसाळ पट्टा चिकटवतात. त्याचे केस मागे झुकलेले असतात, त्यामुळे स्की पुढे जाते, मागे येत नाही.

असा माणूस दिवसभर फक्त या गोष्टींकडे लक्ष देत असतो. बर्फ, वारा, अंगाची ऊब, पुढची डहाळी. ऑफिस, बातम्या, घराचे हप्ते हे सगळं गळून पडतं. परत आलेली माणसं याच अवस्थेबद्दल भरभरून बोलतात. जाहिरातवाले तिला मोठमोठी नावं देतात. मला वाटतं, ती तल्लीनता शेतकऱ्याला पेरणीच्या दिवशी आणि तांडेलाला खवळलेल्या समुद्रात असते तशीच आहे. लक्ष उडालं तर किंमत मोजावी लागते, म्हणून लक्ष लागतं.

यातली सर्वांत कठीण परीक्षा म्हणजे पांढरा अंधार. आभाळ झाकोळतं, धुकं उतरतं, खाली बर्फ आणि वर ढग एकाच रंगाचे होतात. सावली पडत नाही. सावली नसली की डोळ्यांना खड्डा आणि चढ यांतला फरक कळत नाही. आपण उभे आहोत की सरकत आहोत, हेही कधीकधी उमगत नाही. चक्कर आल्यासारखं होतं. अशा वेळी एक जण डहाळीपाशी थांबतो, दुसरा आवाजाच्या टप्प्यात पुढे जाऊन पुढची डहाळी शोधतो. सापडली की हाक मारतो. होकायंत्र आणि कागदी नकाशा हाताशी हवाच. उपग्रहावरून ठिकाण सांगणारी यंत्रं आहेत, पण थंडीत त्यांची बॅटरी झपाट्याने उतरते. म्हणून ती छातीशी, कपड्यांच्या आत ठेवतात.

एवढी सगळी व्यवस्था असूनही माणसं दगावली आहेत. १९६७ सालच्या इस्टरच्या सुटीत नॉर्वेच्या डोंगरांत १८ जणांचा मृत्यू झाला. सणासुदीची सुटी, घराघरांतून निघालेली माणसं आणि अचानक बिघडलेलं हवामान. साऱ्या देशाला धक्का बसला. रेडक्रॉस आणि पर्यटक संघटना यांनी डोंगरात जाणाऱ्यांसाठी काही नियम त्याआधीच, १९५२ मध्ये, मांडलेले होते. १९६७ नंतर त्यांचा देशभर मोठा प्रचार झाला. तिथे सहलीला हमखास नेतात अशा एका चॉकलेटच्या वेष्टणावरसुद्धा ते नियम छापले गेले. २०१६ मध्ये ते नव्याने लिहिण्यात आले.

या नियमांना ‘फ्येल्लवेट्ट’ म्हणतात, म्हणजे डोंगरातलं शहाणपण. नियम नऊच आहेत. बेत आखा आणि कुठे जाताय ते कुणाला तरी सांगा. आपली ताकद आणि परिस्थिती पाहून बेत बदला. हवामानाचा आणि हिमकड्यांचा इशारा ऐका. छोट्या फेरीतही वादळाची तयारी ठेवा. स्वतःला आणि दुसऱ्याला मदत करता येईल एवढं सामान घ्या. धोक्याचे उतार आणि कच्चा बर्फ ओळखून सुरक्षित वाट धरा. नकाशा आणि होकायंत्र वापरा, आपण कुठे आहोत हे सतत माहीत असू द्या. वेळीच मागे फिरा, त्यात लाज नाही. आणि शेवटचा, ताकद राखून ठेवा, गरज पडली तर आसरा शोधा.

शेवटच्या नियमामागचं कारण समजून घ्यायला हवं. झोपडी लांब असेल आणि वादळ गाठेल तर बर्फातच खणून आसरा करायचा असतो. बर्फाच्या आत वारा लागत नाही. पण खणायला ताकद लागते. दमून कोसळेपर्यंत चालत राहणाऱ्याजवळ खणायला काही उरत नाही. म्हणून थांबायचा निर्णय अंगात जोर असतानाच घ्यावा लागतो. तो घेणं सोपं नसतं, कारण अंगात जोर असताना माणसाला वाटतं, अजून थोडं जाऊ.

आठवा नियम मला सर्वांत मोलाचा वाटतो. नियम करणाऱ्यांना लाजेचा उल्लेख का करावासा वाटला असेल? कारण त्यांना माणूस माहीत होता. पुष्कळदा माणूस थंडीआधी लाजेपायी अडकतो. सुटी मोजकीच आहे, तिकिटं काढलीत, मित्र काय म्हणतील, घरी काय सांगू. बरोबर वाटाड्या असला तर तो म्हणतो ‘चला मागे’ आणि आपण त्याच्या नावावर बिल फाडून परत येतो. वाटाड्या नसला की ‘चला मागे’ हे शब्द आपल्याच तोंडून निघावे लागतात.

आता भाच्याची गोष्ट पुरी करतो. त्यांचा तिसरा दिवस होता. पहाटे हवा बरी होती. तिघांनी झोपडी झाडली, लाकडं फोडली, ढलप्या रचल्या, वहीत पुढच्या झोपडीचं नाव लिहिलं आणि निघाले. पाचेक किलोमीटर गेले असतील नसतील, वारा फिरला. धुकं आलं. एक डहाळी दिसायची, दुसरी दिसायची नाही. त्यातल्या एकाच्या गालावर पांढरा ठिपका उमटला. पुढे अजून बारा-तेरा किलोमीटर होते. माझा भाचा तिघांत सर्वांत नवखा, आणि तिघांत एकटाच परदेशी. त्याला वाटत होतं परत फिरावं, पण आपण बोललो तर ‘हा गरम देशातला’ असं म्हणतील, म्हणून तो गप्प राहिला. असा अर्धा तास गेला. तो म्हणतो, ‘मामू, तो अर्धा तास मला अजून आठवतो. थंडीची भीती नव्हती. बोलायची भीती होती.’ शेवटी न राहवून तो म्हणाला, ‘मला वाटतं आपण मागे जावं.’ दुसरा ताबडतोब म्हणाला, ‘मी कधीचा वाट बघतोय कुणी म्हणतंय का ते.’

तिघे एकमेकांना हाका मारत, डहाळी डहाळी शोधत मागे आले. पाच किलोमीटरला साडेतीन तास लागले. दार उघडून आत शिरले तेव्हा कुणाच्याच बोटांत जोर नव्हता. कुऱ्हाड उचलायचा प्रश्नच नव्हता. पण शेगडीजवळ ढलप्या रचलेल्या होत्या. सकाळी त्यांनीच, पुढे येणाऱ्या कुणा अनोळखी माणसासाठी काढून ठेवलेल्या. भाच्याने दोन्ही तळव्यांमध्ये काडी धरून कशीबशी ओढली आणि शेगडी पेटली. वहीतल्या सकाळच्या नोंदीखाली त्याने दुसरी नोंद केली: ‘परत आलो. तिघेही ठीक.’ दुसऱ्या दिवशीही वारा होता, म्हणून ते तिथेच थांबले. त्यानंतर ऊन पडलं तेव्हा आले त्या वाटेने फिन्सेला उतरले. ठरवलेला प्रवास अर्धाच झाला.

या रानात फक्त माणसंच राहत नाहीत हेही सांगायला हवं. हार्डांगरविद्दा हे रानटी रेनडिअरचं मोठं घर आहे. हिवाळ्याच्या शेवटी ही जनावरं बर्फ उकरून खालचं दगडफूल खातात. त्या वेळी अंगात चरबी उरलेली नसते, माद्या गाभण असतात. माणसाला बिचकून कळप पळाला तर त्याची फार मोठी झीज होते. म्हणून कळप दिसला की थांबायचं, लांबून वळसा घ्यायचा. आपली वाट दुसऱ्याच्या घरातून जाते, हे भान त्या शहाणपणातच येतं.

आपल्याकडे असा बर्फ नाही. पण आषाढातले गडकोट आहेत, धुकं आहे, निसरड्या कातळवाटा आहेत आणि दर पावसाळ्यात हळहळ लावणाऱ्या बातम्याही आहेत. आपल्या पोरांना धाडस शिकवायला पुष्कळ जण आहेत. मागे फिरण्यात लाज नाही, हे घरात, शाळेत, गिर्यारोहणाच्या शिबिरात कुणी किती वेळा सांगतं, याचा विचार आपण करायला हवा. आणि गडावरून उतरताना पाण्याच्या टाक्याजवळ किंवा गुहेत आपण काय ठेवून येतो, याचाही. पुष्कळदा तिथे प्लॅस्टिकच्या बाटल्या राहतात. चार सुक्या काटक्याही ठेवता येतील.

भाच्याने ही सगळी हकीकत फोनवर सांगितली तेव्हा आपा शेजारीच बसली होती. ढलप्यांचं ऐकल्यावर ती बराच वेळ काही बोलली नाही. मग मला म्हणाली, ‘म्हणजे वाट दाखवणारे आहेत म्हण की. फक्त दिसत नाहीत.’ आणि फोन माझ्याकडून घेऊन मुलाला म्हणाली, ‘पुढच्या वेळी जाशील तेव्हा लाकडं थोडी जास्त फोडून ठेव.’